सर्व वस्तू वधूने स्वहस्ते केल्या आहेत

मला शिवता येत नाही. शर्टाचं तुटलेलं बटण लावायचं झालं तरी मी कोपऱ्यावरच्या टेलरकडे जाते, आणि तो माझ्याकडे ज्या नजरेने बघतो ती मुकाट्याने सोसते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण माझ्या सासरच्या गोतावळ्यात आजही अशा बायका आहेत ज्या लग्नकार्यात मला गाठतात आणि म्हणतात, "काय हात होता हो तुमचा. हल्ली शिवत नाही वाटतं?" तेव्हा माझं डोकं फिरतं. मी हसते, पानावरची कोशिंबीर सरकवते, आणि घरी येऊन उगाचच नवऱ्यावर डाफरते.

सतरा वर्षं आमच्या कोथरूडच्या घरातले पडदे, उशांचे अभ्रे, परकर, ब्लाऊज, साड्यांचे फॉल, गणपतीच्या मखराची झालर, नातेवाइकांकडचे बाळंतविडे, सगळं सुनेने शिवलं. सून म्हणजे मी. त्यातला एक टाका मी घातलेला नाही. ते सगळं माझ्या आईने शिवलं, शनिवार पेठेतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, हाताने फिरवायच्या मशीनवर.

आई काटकसरी होती असं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एक दीनवाणी बाई उभी राहते. आई दीनवाणी अजिबात नव्हती. हट्टी होती, टापटिपीच्या बाबतीत तर छळवादी होती. कापड फेकणाऱ्या माणसाबद्दल तिला जी घृणा होती ती तिने चोराचिलटांबद्दलही कधी दाखवली नाही. खिडकीखाली मशीन, शेजारी लोखंडी कॉट आणि कॉटखाली पाच गाठोडी. प्रत्येक गाठोडं वेगळ्या रंगाच्या काठाच्या पट्टीने बांधलेलं, म्हणजे न उघडता नेमकं हवं ते ओढता यावं. एकात अजून अंगावर जाऊ शकेल असं कापड. दुसऱ्यात आतून अस्तराला लावायचं. तिसऱ्यात धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली सुती लुगडी आणि धोतरं, ती फक्त तान्ह्या बाळांसाठी. नव्या जिवाला नवं कोरं कापड घालायचं नाही, ते टोचतं, हा नियम सगळ्या पेठेत पाळत असत, त्यामुळे त्या गाठोड्यावर अर्ध्या गल्लीचा हक्क होता. चौथ्यात काठ आणि जर. पाचव्यात गोधडीत भरायच्या चिंध्या, आणि तेवढंही नशीब नसलेल्यांचे भांडी उतरवायचे फडके.

बटणं औषधाच्या बाटल्यांत होती. बाटलीत डोकावून रंग कोणालाही दिसतो, असं म्हणून आईने ती रंगावर न लावता किती शिल्लक आहेत त्यावर लावली होती. सहा किंवा जास्त असली तर एक बाटली, चार-पाच असली तर दुसरी, आणि जोडीदार हरवलेली सगळी तिसरीत. तिसरीतली बटणं उशीच्या अभ्र्यांना जायची, कारण झोपलेल्या माणसाला बटणं सारखी आहेत का ते दिसत नाही. पिठाच्या पिशव्यांचे दोरे ती जुन्या पोस्टकार्डांवर गुंडाळून ठेवायची. वडिलांच्या शर्टांची कॉलर झिजली की उसवून उलटी करून पुन्हा लावायची, त्यामुळे सरकारी कचेरीत वडिलांचा एक शर्ट दोन शर्टांचं काम करायचा. आणि तिची काजं. बटणाचं भोक कापून त्याच्याभोवती हाताने घातलेले ते दाट, बारीक टाके तिचा खरा अभिमान होता. मशीनवर केलेलं काज ती मोजतच नसे.

माझ्याकडे उसवायचं काम होतं. रविवारी सकाळी अर्धं तोडलेलं ब्लेड हातात द्यायची आणि जुन्या कपड्यांच्या टिपा उसवायला बसवायची. मला त्या कामाचा मनापासून तिटकारा होता. बाकीच्या मुली खाली लगोरी खेळत असायच्या आणि मी कोणाच्या तरी मेलेल्या परकराचे दोरे ओढत बसलेली. एकदा रागाने ब्लेड जोरात ओढलं आणि कापड वीतभर फाटलं. आईने ते पहिल्या गाठोड्यातून काढून तिसऱ्यात टाकलं.

बारा-तेरा वर्षांची असताना मात्र मला मशीनचं आकर्षण वाटायला लागलं. मी एकदा ते चालवून बघायला बसले. आईने माझा हात बाजूला केला आणि मशीनवर झाकण घातलं.

"तू गणितं सोडव," ती म्हणाली. "हे शिकलीस की जन्मभर हेच करशील. ज्या बाईला येतं तिलाच लोक सांगतात."

मला तेव्हा ते वाक्य नीट कळलं नाही. मी गणितं सोडवली, पदवी घेतली, आणि एका मुलींच्या शाळेत गणित शिकवायला लागले. म्हणजे आईने मला मुद्दाम अडाणी ठेवलं आणि त्या अडाणीपणामुळे मी नोकरीला लागले. इथपर्यंत तिचा बेत उत्तम चालला होता.

मग माझं लग्न ठरलं आणि रुखवत आलं.

नव्या मुलींना सांगायला हवं म्हणून सांगते. लग्नाच्या हॉलमध्ये एका लांब टेबलावर मुलीकडचे लोक मुलीच्या हातच्या वस्तू मांडतात, विणकाम, भरतकाम, शोभेचे लाडू, बाहुल्या, काय वाटेल ते. मुलाकडच्या बायका टेबलाभोवती फिरतात आणि वस्तू बघायचं निमित्त करून मुलगी बघतात. आईने माझं रुखवत आठ महिने केलं. नवीन कापडाचा एक तुकडा न आणता. चौथ्या गाठोड्यातल्या काठांची तोरणं, अस्तराच्या कापडावर भरलेला टेबलक्लॉथ, चहाच्या किटलीवर घालायची टोपी, आणि हळदीकुंकवात आलेल्या ब्लाऊजपिसांची एक गोधडी. या ब्लाऊजपिसांचं आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. ती कोणी शिवत नाही. एका घरच्या ओटीतून दुसऱ्या घरच्या ओटीत फिरत राहतात. आईने ते फिरणं थांबवलं आणि चाळीस बायकांनी टाळलेले रंग एकमेकांशेजारी असे बसवले की बघणारा थबकून उभा राहावा.

माझी आत्या सुवाच्य अक्षरासाठी प्रसिद्ध होती. तिने जाड कागदावर बोरूने लिहिलं, 'सर्व वस्तू वधूने स्वहस्ते केल्या आहेत'. मी म्हटलं, हे खोटं आहे. आत्या म्हणाली, "मग काय लिहू? वधूच्या आईने केल्या आहेत? लोक हसतील." मी आईकडे बघितलं. आई गोधडीची घडी घालत होती.

"असंच लिहितात गं," ती म्हणाली. "सगळ्यांच्याच रुखवतावर हेच असतं. कोणी खरं धरतं का?"

लग्नाच्या दिवशी माझ्या होणाऱ्या सासूबाई टेबलापाशी आल्या, त्यांनी गोधडी उचलली आणि सरळ उलटी केली. भरतकाम आणि गोधडी उलट्या बाजूने बघतात, पुढून काय, कोणीही छान दिसतं. उलटी बाजूही सुलटीइतकीच नीट होती. त्यांनी दोन बोटांनी कडेची टीप चाचपली आणि शेजारच्या बाईला म्हणाल्या, "हात आहे मुलीला." आई दोन हातांवर पेढ्यांचं ताट घेऊन उभी होती. तिने ते ऐकलं, आणि तिचा चेहरा असा फुलला की मला कपाळावरच्या मुंडावळ्या तोडून टाकाव्याशा वाटल्या. पण तशी सजून बसलेली मुलगी भांडत नाही. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा राग मी पुढे सगळ्यांवर काढला, माझ्यावर सोडून.

कोथरूडला तेव्हा पेठेतले लोक गावाबाहेरचं समजायचे. नवीन सोसायटी, मोठ्या खिडक्या, आणि मोठ्या खिडक्यांना मोठे पडदे. लग्नाला तीन आठवडे झाले असतील. सासूबाईंनी माझ्या पलंगावर कापडाचा ठोकळा आणून ठेवला. "पडदे," त्या म्हणाल्या. "सावकाश होऊ देत. दिवाळीच्या आत."

बाल्कनीत पायाचं मशीन होतं, नणंदेचं. तेव्हाच्या तेव्हा 'मला येत नाही' एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. त्याऐवजी माझ्या तोंडून निघालं, "अहो आई, माझा हात आईकडच्या हाताच्या मशीनवर बसलाय. पायाच्या मशीनवर माझी टीप वाकडी जाते." हे मला कुठून सुचलं देव जाणे. पण पुण्यात माणसाने असा काहीतरी चमत्कारिक हट्ट धरला की लोक त्याला दर्दी समजतात. सासूबाईंनी मान डोलावली. मला वाटलं, सुटले.

शनिवारी शाळा अर्धा दिवस असायची. मी पडद्याचं कापड पिशवीत कोंबून बसने शनिवार पेठेत गेले. आईने ते बाहेर काढलं, माझी सगळी हकिगत ऐकली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "आता काय," ती म्हणाली, "शिवते." कॉटखाली सहावं गाठोडं आलं. त्याचं नाव कोथरूड.

त्यानंतर दर शनिवारी मी पिशवी घेऊन जायचे आणि पिशवी घेऊन यायचे. मापं मी चिठ्ठ्यांवर लिहून न्यायचे, आई त्या टाचणीने कापडाला लावायची. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही म्हणून आई आमच्याकडे फारशी येत नसे, आणि पुढे मुलगा झाल्यावरही न येण्याची सवयच राहिली. पण घरातल्या बायका तिला इंचांत पाठ होत्या. एकदा म्हणाली, "तुझ्या सासूबाईंचा उजवा खांदा उतरलाय. पाण्याच्या बादल्या उचलू नका म्हणावं." एकदा नणंदेच्या परकराची चिठ्ठी बघून म्हणाली, "हिला विचार, तिसरा महिना का." दोन महिन्यांनी नणंदेने बातमी दिली तेव्हा मी आश्चर्य वाटल्याचं नाटक केलं. माझ्या आईला आमच्या घरातलं सगळं माहीत होतं आणि आमच्या घरात तिच्याबद्दल कोणाला काही माहीत नव्हतं, अशी माझी समजूत होती.

नवऱ्याला दुसऱ्याच महिन्यात कळलं. तो मला न्यायला आला तर आई त्याच्या आईच्या ब्लाऊजला बाही जोडत बसलेली. खाली उतरताना जिन्यात मी म्हटलं, आता तरी घरी सांगू या. तो म्हणाला, "चाललंय ना नीट? मग कशाला उकरायचं?" हे वाक्य या माणसाने आयुष्यात इतक्या वेळा आणि इतक्या शांतपणे म्हटलंय की त्याच्या शांतपणाची मला चीड येते. हे वाचूनही तो तेच म्हणेल.

मी शिवून आणलेलं घरी दिलं की सासूबाई कपडा उलटा करायच्या, उजेडात धरायच्या. त्यांच्याकडे कौतुकाचा वापर मिठासारखा व्हायचा, चिमटीने. "काजं बरी झालीत," असं म्हणाल्या की ते फार झालं. मी म्हणायचे, "हो." शनिवारी आई विचारायची, "आवडलं का त्यांना?" मी म्हणायचे, "हो, ठीक आहे म्हणाल्या," आणि चपला घालायला लागायचे. मला त्या प्रकरणाचाच इतका वैताग होता की त्यातलं कौतुक उचलून आणून आईच्या हातात द्यावं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. शिवाय शनिवारी मला घाई असायची.

मग सासूबाई मला उसनं द्यायला लागल्या. सोसायटीत कोणाकडे बाळ झालं, "आमची सून देईल झबली-टोपडी करून." कोणाच्या मंगळागौरीला खेळायच्या बायकांना सारखी पोलकी हवीत, "आमची सून आहे ना. नोकरी सांभाळून करते हो." त्यांचा त्यातून मोठा मान राहायचा. आईचं तिसरं गाठोडं, गल्लीतल्या बाळांसाठी राखलेलं, ते सगळं कोथरूडच्या बाळांना गेलं. शनिवार पेठेतल्या शेजारणींनी मागितलं तर आई म्हणायची, पुढच्या महिन्यात देते. मी आईवर ओरडायचे, नाही म्हण म्हणायचे. आई म्हणायची, "तुझ्या सासरचं आहे, नाही कसं म्हणू?"

वडील गेले त्या वर्षीचं मी विसरलेले नाही. दिवसकार्य आटोपून मी कोथरूडला परतले, चौदाव्या दिवशी. पलंगावर दोन साड्या ठेवलेल्या, फॉल लावायला. मी म्हटलं, "अहो आई, आत्ता नको." त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "ने गं. कामात मन रमतं." मला तेव्हा ते मायेचं वाटलं. मी साड्या घेऊन गेले, आणि कपाळ मोकळं झालेली माझी आई त्यांना फॉल लावत बसली.

शेवटच्या तीन-चार वर्षांत आई एक नवीन काम सांगायला लागली. मी निघाले की म्हणायची, "जाताना तेवढ्या सुया ओवून ठेव." आधी पाच-सहा, मग दहा, मग दोन डझन. लांब दोरे घालून मी त्या सुया उशीवर रांगेने टोचून ठेवायचे. शिवणातलं मला येणारं हे एकमेव काम, आणि तेही मी घड्याळाकडे बघत करायचे. चाळिशी लागली असेल म्हटलं. कोणाला नाही लागत?

मग टिपा भरकटायला लागल्या. एका ब्लाऊजची बाही उलटी लागून आली. एका साडीचा फॉल वीतभर जागी काठ सोडून आत गेला. सासूबाई तो उजेडात धरून म्हणाल्या, "हल्ली सुनेचं लक्ष उडालेलं दिसतं." आईच्या डाव्या हाताच्या बोटाच्या नखातून मशीनची सुई आरपार गेली, तिने चिंधी गुंडाळली आणि 'लागलं जरासं' म्हणाली. एका शनिवारी ती कात्रीसाठी डावीकडे हात घालायला गेली आणि बटणांची बाटली खाली पडून फुटली. आवाज ऐकून ती जागीच उभी राहिली. बटणं तिच्या पायाशी, डाव्या अंगाला पसरलेली, आणि ती भलतीकडेच बघत मला विचारत होती, कुठे पडलीत? त्या क्षणी मला कळलं. मी तिला त्याच संध्याकाळी रिक्षात घालून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू. मोतीबिंदूही आहे पण तो काढता येईल. काचबिंदूने बाजूची नजर खाल्ली आहे, गेली ती परत येत नाही, आता उरलेली समोरची सांभाळायची.

"किती वर्षं बाजूचं दिसत नाहीये, आजी?"

"मान वळवली की दिसतं ना," आई म्हणाली.

"काही बारीक काम करता का? शिवण वगैरे?"

"छे," आई म्हणाली. "माझी मुलगी शिवते."

डॉक्टरांसमोर. डोळे गेलेले असताना. मी त्या खोलीत उभी होते आणि माझा संताप असा झाला की तिला हलवून विचारावं, कोणासाठी, कोणासाठी खोटं बोलतेस तू? डॉक्टर माझ्याकडे कौतुकाने बघत होते.

आईला घरी सोडून मी कोथरूडला आले ती तरातरा स्वयंपाकघरातच शिरले. सासूबाई मेथी निवडत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. मला शिवता येत नाही, कधीच येत नव्हतं, सतरा वर्षं सगळं आईने शिवलं आणि तिचे डोळे गेले. त्यांच्या हातातली जुडी खाली पडेल असं मला वाटलं होतं. पडली नाही. त्यांनी एक पिवळं पान बाजूला काढलं.

"मला ते रुखवतालाच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "आठ महिने सुई धरलेल्या मुलीची बोटं अशी नसतात. तुझ्या बोटांना शाई होती. आणि माझ्या रुखवतावर काय वेगळं लिहिलं होतं? तेही माझ्या आईनेच केलं होतं."

"माहीत होतं तर देत का राहिलात?"

"तू नेत राहिलीस म्हणून."

मी त्यांना खूप बोलले. सतरा वर्षांत बोलले नव्हते तेवढं. फुकटची शिंपीण सापडली म्हणाले, सोसायटीत मिरवायला माझ्या आईचे डोळे वापरलेत म्हणाले. चौदाव्या दिवसाच्या त्या दोन साड्या आठवल्या आणि 'कामात मन रमतं' हे त्यांनी कोणासाठी म्हटलं होतं ते आत्ता लक्षात आलं, तर आवाज असा चढला की नवरा दारात येऊन उभा राहिला. त्या ऐकून घेत होत्या. मधे फक्त एकदा म्हणाल्या, "त्याही कधी नाही म्हणाल्या नाहीत." मी सांगितलं, उद्या माझ्याबरोबर चलायचं आणि आईच्या तोंडावर सांगायचं, की तुम्हाला माहीत होतं. मला वाटलं होतं त्या टाळतील.

त्या आल्या. इस्त्रीची साडी नेसून, आजाऱ्याला नेतात तशी फळं घेऊन. आईला मी शेजारच्यांच्या फोनवर निरोप ठेवला होता, त्यामुळे तिने तयारी करून ठेवली होती. मशीनवर झाकण, झाकणावर भरतकामाचा रुमाल, आणि कोथरूडचं गाठोडं कॉटखालून काढून आतल्या खोलीत पडद्यामागे लपवलेलं. पुरावा नको म्हणून. दुखरं बोट तिने पदरात घेतलं होतं.

"या विहीणबाई, बसा," ती म्हणाली. आईच्या डाव्या हाताला खुर्ची होती, त्यावर सासूबाई बसल्या. मी दाराशी, आईच्या समोर उभी राहिले. आईने मान पूर्ण वळवून त्यांच्या हातात चहाचा कप नीट दिला, थेंब सांडला नाही. आणि त्या काही बोलायच्या आत तिनेच सुरुवात केली.

"हिचं शिवण हल्ली बिघडलंय म्हणे. शाळेत फार काम पडतं हो तिला. आपण रागावू नका."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग कपाकडे. "छे हो," त्या म्हणाल्या, "उत्तम शिवते."

आणि दोघी तिथेच थांबल्या असत्या. चहा संपला असता, फळं ठेवून सासूबाई उठल्या असत्या, आणि पुढच्या शनिवारी मी पिशवी घेऊन आले असते. मला त्या दोघींचा असा राग आला की मला राहवेना.

"आई, त्यांना माहीत आहे," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "होय विहीणबाई," त्या म्हणाल्या. "आपणच शिवता ते मला माहीत होतं."

खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. आईने पदरातून हात बाहेर काढला आणि साडीचा काठ चिमटीत धरून सरळ केला, पुन्हा सरळ केला. ती लाजेल, रडेल, हसेल, असं काहीही मी धरून चालले होते. आईला रागावलेली मी लहानपणापासून पाहिली नव्हती.

"मग सतरा वर्षांत एकदा तरी येऊन सांगायचं," ती म्हणाली. "काजं चांगली झालीत म्हणून."

सासूबाईंनी मान खाली घातली. त्यांना वाटलं, ते त्यांना म्हटलंय. मीही बरेच दिवस स्वतःला तेच सांगत होते. पण चहा देताना तिने मान वळवली होती, आणि हे बोलताना वळवली नाही. तिच्या समोर मी उभी होते, आणि समोरचं तिला दिसत होतं.